माशीच्या मिशीला फांद्या का फुटतात?

माशीला मिशा असतात हे सहसा आपल्या लक्षातच येत नाही. झुरळाच्या दिसतात, फुलपाखराच्या दिसतात, डासाच्याही जरा नीट बघितलं तर दिसतात, पण साध्या माशीचा चेहरा म्हणजे दोन मोठे डोळे आणि खाली ती चाटायची सोंड, झालं. असतात मात्र. दोन डोळ्यांच्या मधे, चेहऱ्यावरच्या खोबणीत खाली वाकून बसलेल्या, जेमतेम मिलिमीटरभर, भिंगाशिवाय बघायला गेलात तर काळपट ठिपकेच वाटतील.

आता अमेरिका खंडाच्या उष्ण भागातल्या जंगलांत काही माश्या अशा आहेत की त्यांच्या बाबतीत हे ठिपक्यांचं प्रकरण पार हाताबाहेर गेलंय. बोर्गमायरमिया नावाचा एक छोटासा गट आहे, त्यातल्या नराची मिशी बघितली तर आधी वाटतं की सूक्ष्मदर्शकाखाली काहीतरी कचरा चिकटलाय. एका मिशीला एकदम बऱ्याच लांब लांब फांद्या, प्रत्येक फांदीवर बारीक केसांची लव, आणि हे सगळं एवढ्याशा माशीच्या तोंडावर. काही इतर गटांत फांद्या दोनच असतात, म्हणजे मिशी मधेच दुभंगलेली. यांना फिसिकॉर्न माश्या म्हणतात, आणि त्या सगळ्या टॅकिनिड नावाच्या परजीवी माश्यांच्या कुळातल्या.

आणि मजा म्हणजे त्याच जातीची मादी बघा, तिची मिशी बहुतेक वेळा साधीच. हा मुद्दा डोक्यात ठेवा, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच उभंय.

आधी साधी मिशी कशी असते ते बघू, नाहीतर विचित्र मिशीतलं विचित्र काय ते कळणार नाही. डास, चिलटं वगैरे जुन्या वळणाच्या माश्यांच्या मिशा लांब आणि पुष्कळ सांध्यांच्या असतात. घरमाशीच्या जवळच्या माश्यांमधे मात्र त्या आखडत आखडत तीन भागांवर आल्यात. पहिला भाग म्हणजे डोक्याला जोडणारं बूड, त्यात मिशी हलवणारे स्नायू. दुसरा भाग म्हणजे खरं तर कान, कारण त्याच्या आत जॉन्स्टनचा अवयव नावाची संवेदी पेशींची एक रचना असते, तिसरा भाग जरासा जरी हलला तरी तिला कळतं (हे जॉन्स्टन म्हणजे बाल्टिमोरचे एक डॉक्टर, त्यांनी १८५५ मधे डासात हे पहिल्यांदा वर्णन केलं आणि तेव्हाच हा ऐकायचा अवयव असणार असं सांगून टाकलं होतं, भारी माणूस). आणि तिसरा भाग म्हणजे नाक. हा सगळ्यात फुगीर, लांबट, आणि पूर्ण पृष्ठभागावर सूक्ष्म केस. प्रत्येक केसाला बारीक बारीक छिद्रं, हवेतला वासाचा रेणू त्या छिद्रातून आत शिरतो आणि आतल्या चेतापेशीला जाऊन भिडतो. ड्रोसोफिला, म्हणजे प्रयोगशाळेतली ती फळांवरची चिमुकली माशी, तिच्या एका मिशीच्या या तिसऱ्या भागात अशा साधारण १,२०० चेतापेशी असतात. शिवाय त्याच भागात आत एक छोटी पोकळी असते, ती हवेतला ओलावा आणि उष्णता ओळखते. आणि या तिसऱ्या भागातून बाहेर आलेला एक लांब राठ केस असतो, त्याला अरिस्टा म्हणतात. वारा किंवा आवाज आला की अरिस्टा हलतो, त्याच्याबरोबर तिसरा भाग किंचित गोल फिरतो आणि दुसऱ्या भागातला कान ते टिपतो.

म्हणजे नाक, कान, हवामान खातं, सगळं मिलिमीटरभर जागेत. फांद्या फुटतात त्या यातल्या तिसऱ्या भागाला. नीट लक्षात घ्या, मिशीला जास्तीचे सांधे आलेले नसतात, फांदी म्हणजे नवा अवयव नाही. तीन भाग ते तीनच, फक्त तिसरा भाग चिरत गेलाय. बोटं नसलेल्या हातमोज्याला बोटं फुटावीत तसं. म्हणजे जे वाढलंय ते नाक वाढलंय. कान जिथे होता तिथेच.

आता या माश्या आहेत तरी कोण. टॅकिनिड हे माश्यांमधलं प्रचंड मोठं कुळ आहे, वर्णन झालेल्या जातीच ८,५०० च्या आसपास, आणि उष्ण कटिबंधात अजून नाव न मिळालेल्या कितीतरी पडून आहेत. दिसायला घरमाशीसारख्या पण अंगावर, विशेषतः पोटावर, राठ काळे केस. मोठी माशी फुलांवर बसते, मध पिते, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण पोरं मात्र सगळीच्या सगळी दुसऱ्या किड्यांच्या आत वाढतात आणि शेवटी बहुतेक वेळा त्या किड्याचा जीव घेतात. सगळ्यात जास्त बळी पतंग-फुलपाखरांच्या अळ्यांचे, मग भुंगेरे, ढेकण्या, नाकतोडे, काही तर गोमीच्याही मागे असतात. रेशीमकिडे पाळणाऱ्यांना उझी माशी चांगलीच माहीत असते, ती याच कुळातली. रेशमाच्या अळीच्या अंगावर अंडं चिकटवते, बाळ आत घुसतं आणि घुसलं तिथे काळा डाग पडतो, त्या डागावरूनच ओळखतात.

आत गेल्यावर काय होतं ते मला या कुळातलं सगळ्यात थरारक प्रकरण वाटतं. किड्याच्या शरीराला कळतं की काहीतरी परकं घुसलंय, मग त्याच्या रक्तातल्या पेशी त्या घुसखोराला चारी बाजूंनी लपेटून गुदमरवायला लागतात, ही किड्यांची नेहमीची पद्धत. टॅकिनिडचं बाळ काय करतं, आपलं मागचं टोक किड्याच्या कातडीला पाडलेल्या भोकाशी नाहीतर त्याच्या श्वासनलिकेशी लावून बसतं. त्यामुळे लपेटायला आलेल्या पेशींचं कवच पूर्ण बंद होतच नाही, उलट बाळाच्या मागच्या टोकाभोवती एक छान नळी तयार होते आणि त्या नळीतून बाळ आरामात बाहेरची हवा घेतं. मारायला केलेल्या बंदोबस्तावरच जगायचं. असं करत करत ते आतून किडा खात राहतं, महत्त्वाचे अवयव शेवटपर्यंत ठेवून.

बाळाला आत पोचवायच्या तऱ्हाही नाना. कोणी अंडं थेट अंगावर चिकटवते. कोणी पानांवर अतिसूक्ष्म अंडी घालत सुटते, हजारोंच्या हिशोबात, अळीने पान खाताना ती गिळली की आत उबतात. कोणी जिवंत बाळं पानावर सोडते आणि ती बाळं तिथे ताठ उभी राहून जवळून जाणाऱ्या अळीची वाट बघतात.

हे सगळं वाचल्यावर फांद्यावाल्या मिशीचं कारण कोणीही पटकन सांगेल, परजीवी माशी आहे ना, भक्ष्य शोधायला जबरदस्त नाक लागणारच! मला हे उत्तर ऐकायला इतकं बरं वाटतं की त्याच्यावरच संशय येतो. कारण भक्ष्य शोधायचं काम कोणाचं? मादीचं. अंडी तीच घालते. नराचा या अळी-बिळीशी काडीचा संबंध नाही, तो फुलांवर मध पिणार आणि मादी शोधणार एवढाच त्याचा कार्यक्रम. आणि फांद्या आहेत त्या नराला.

मग मादी शोधते कशी? तिला नाक लागतंच, प्रश्नच नाही. अळीने पान कुरतडलं की झाड जखमेतून वेगळे वास सोडतं, अळीच्या विष्ठेला वास असतो, काही टॅकिनिड माद्या या वासांवर लांबून येतात आणि जवळ आल्यावर मग नजरेने हालचाल टिपतात. ट्रायकोपोडा पेनिपेस नावाची माशी आहे, ती हिरव्या ढेकण्यांवर अंडी घालते. त्या ढेकण्यातला नर आपल्या जातभाईंना बोलवायला एक वास सोडतो, आणि तोच वास पकडून ही माशी दारात हजर. दुसऱ्याच्या प्रेमपत्राचा पत्ता वाचून घर लुटायला जायचं, अक्षरशः. पण हे करणाऱ्या मादीची मिशी साधीच, बिनफांद्यांची.

यापेक्षा कमाल ऑर्मिया ओक्रेशियाची. ही माशी रातकिड्यांवर जगते आणि रातकिडा शोधते त्याच्या गाण्यावरून. नर रातकिडा मादीला बोलवायला गातो आणि येते ही. १९७५ मधे हे पहिल्यांदा नीट दाखवलं गेलं, रातकिड्याचं गाणं लाउडस्पीकरवर वाजवलं तर माश्या स्पीकरवर येऊन बसल्या. आता कोणालाही वाटेल की ऐकायचं काम मिशीतल्या त्या जॉन्स्टनच्या अवयवाने होत असेल, तर नाही. मिशीतला कान जवळच्या हवेची हालचाल टिपतो, लांबून येणाऱ्या उंच पट्टीच्या आवाजाला पडदा लागतो. ऑर्मियाने चक्क छातीवर, मानेच्या खाली, पुढच्या पायांच्या वर दोन पडदे तयार केलेत. दोन्ही पडद्यांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर. एवढ्या अंतरात आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला नंतर पोचायचा फरक म्हणजे जवळजवळ शून्यच, तरी हिला दिशा कळते, २ अंशांपर्यंत अचूक! कारण दोन्ही पडदे मधल्या एका कडक पट्टीने जोडलेत, एक दाबला की दुसरा वेगळा हलतो आणि तो बारीकसा फरक मोठा होऊन मेंदूपर्यंत जातो. हे बघून इंजिनियर लोकांनी बारीक दिशादर्शक मायक्रोफोन बनवायला घेतले. हवाईच्या काउआई बेटावर तर या माशीच्या जाचाने काही पिढ्यांतच बहुतेक नर रातकिड्यांचं गाणंच गेलं, पंखांवरची वाजवायची रचनाच सपाट झाली. २००६ मधे हे छापून आलं आणि उत्क्रांती शिकवणाऱ्यांना आयुष्यभर पुरेल असं उदाहरण मिळालं.

विषय भरकटला असं वाटेल, पण नाही. मुद्दा असा की भक्ष्य शोधायची गरज कितीही अवघड असली तरी मादीने ती फांद्यावाल्या मिशीने भागवलेली दिसत नाही, साध्या मिशीवर, डोळ्यांवर आणि गरज पडली तर छातीवर कान काढून भागवलीय. म्हणजे फांद्या हा शिकारीचा मामला नाही. लग्नाचा मामला आहे.

आता नराला असं काय संकट आलं की नाक एवढं वाढवावं लागलं?

इथे उष्ण कटिबंधाचा संबंध येतो. तिथल्या जंगलात जाती खूप, पण एकेका जातीचे प्राणी मोजके. झाडं विखुरलेली, त्या झाडावरच जगणारी अळी त्याहून विखुरलेली, आणि त्या अळीवरच जगणारी माशी म्हणजे तर विचारूच नका. प्रत्येक पायरीला संख्या कमी होत जाते. कोस्टा रिकात ग्वानाकास्ते नावाचं संरक्षित क्षेत्र आहे, तिथे डॅनियल जॅन्झन आणि विनी हॉलवॉक्स १९७८ पासून रानातल्या अळ्या गोळा करून वाढवतायत, अळीतून फुलपाखरू निघतंय का माशी निघतेय याची नोंद ठेवतायत. तिथल्या १६ टॅकिनिड जाती अशा होत्या की त्या कोणत्याही अळीवर चालतात असा समज होता, म्हणजे खाण्याच्या बाबतीत नखरे नाहीत. २००७ मधे त्यांचा डीएनए तपासला तर त्या १६ च्या ७३ निघाल्या! दिसायला अगदी सारख्या, पण आतून वेगळ्या, आणि त्यातल्या बहुतेक ठराविक मोजक्या अळ्यांनाच धरून बसलेल्या. म्हणजे आपल्याला जी एक बऱ्यापैकी सापडणारी माशी वाटत होती ती प्रत्यक्षात अनेक दुर्मिळ माश्या होत्या.

आता त्या नराच्या जागी बसा. मैलोन्‌मैल जंगल, आपल्या जातीच्या माद्या इथे एक तिथे एक, आयुष्य काही आठवड्यांचं. काही टॅकिनिडनी हा प्रश्न डोळ्यांनी सोडवलाय, नर टेकडीच्या माथ्यावर जाऊन बसतात, मादीलाही माहीत असतं की माथ्यावर नर भेटतील, ठरलेली जागा, ओळख झाली काम झालं. पण दाट सपाट जंगलात, जिथे चार फुटांपलीकडचं पानांमुळे दिसत नाही, तिथे नजर काय कामाची. तिथे वास. मादीने हवेत सोडलेला फेरोमोन, तोही नखभर नाही तर नखाच्या कणाचा कण, तो वाऱ्यावर धाग्याधाग्यांनी पसरत जातो, आणि ज्या नराच्या नाकाला तो इतरांपेक्षा आधी लागला त्याची पोरं पुढे. फांद्यांचं सगळ्यात पटणारं स्पष्टीकरण हेच आहे, वासाचे केस बसवायला जास्त जागा.

जागा किती वाढते याचा हिशोब सोपा आहे. एक जाड दांडा आहे असं धरा, त्यातलं मटेरियल तेवढंच ठेवून, लांबी तीच ठेवून, त्याचे चार बारीक दांडे केले तर एकूण पृष्ठभाग दुप्पट होतो. नऊ केले तर तिप्पट, सोळा केले तर चौपट. वर्गमुळाच्या हिशोबाने वाढतो. वजन न वाढवता दुप्पट-तिप्पट नाक, उडणाऱ्या जिवाला हा सौदा वाईट नाही. आणि प्रत्यक्षात फांद्या नुसत्या बारीक नाही तर लांबही होतात, म्हणजे फायदा त्याहूनही जास्त.

पण मग सगळ्यांनी पन्नास-शंभर फांद्या का नाही काढल्या? कारण हवा. एवढ्या बारीक मापात हवा आपल्याला वाटते तशी पातळ वागत नाही, ती चिकट वागते. प्रत्येक फांदीभोवती हवेचा एक संथ थर चिकटून बसतो. फांद्या फार जवळजवळ आल्या की ते थर एकमेकांना भिडतात, मधून हवा जायचीच बंद होते आणि सगळी मिशी अखंड फळीगत वागायला लागते, वारा तिला वळसा घालून निघून जातो. म्हणजे केस हजारो, पण वास पोचतोय फक्त बाहेरच्यांना. रेशमाच्या पतंगात हे मोजून बघितलंय, त्याच्या झुपकेदार मिशीतून सरळ वाहणारी हवा फारच कमी, म्हणून तो नर मादीचा वास लागला की जागच्या जागी पंख फडफडवतो आणि हवा जबरदस्तीने मिशीतून ओढून घेतो. म्हणजे तो पतंग अक्षरशः हुंगतो. तर फांद्या किती, किती लांब आणि मधे फट किती, हे सगळं गणित आहे, वाटेल तेवढं वाढवून चालत नाही. शिवाय माशी हा उडण्यात पटाईत प्राणी, तोंडावर झुडूप घेऊन उडायचं म्हणजे वाऱ्याचा विरोध आला, आणि साध्या माशीची मिशी चेहऱ्याच्या खोबणीत आवरून बसते तशी ही कुठे बसणार.

पतंगाचं उदाहरण आलंच आहे तर सांगतो, रेशमाच्या नराच्या एका मिशीवर मादीचा वास ओळखणारे केस साधारण १७,००० असतात. आणि त्यातल्या चेतापेशीला जागं व्हायला फेरोमोनचा एक रेणू पुरतो. एक! हा फेरोमोन म्हणजे बॉम्बिकॉल, १९५९ मधे बुटेनांड्ट यांनी ओळखलेला, कुठल्याही किड्याचा रसायन म्हणून ओळखला गेलेला पहिला फेरोमोन, आणि त्यासाठी किती लाख माद्या लागल्या ते विचारू नका. नराला मोठी मिशी आणि मादीला साधी, हे चित्र पतंगांत इतकं स्पष्ट आहे की माश्यांच्या बाबतीत तोच अंदाज बांधणं स्वाभाविक आहे.

आणि हा अंदाज पक्का वाटायचं अजून एक कारण म्हणजे ही गोष्ट फक्त माश्यांत घडलेली नाही. परजीवी किड्यांची दुसरी कुळं बघितली की परत परत तेच दिसतं. स्ट्रेप्सिप्टेरा नावाचे किडे आहेत, माश्यांशी नातं नाही, त्यांची मादी बहुतेक जातींत आयुष्यभर एखाद्या मधमाशीच्या नाहीतर गांधीलमाशीच्या पोटात अडकून राहते, पंख नाहीत, पाय नाहीत, फक्त डोकं आणि छातीचा थोडा भाग बाहेर डोकावतो. तिथून ती वास सोडते. नर उडणारा, मोठा झाल्यावर त्याला आयुष्य मिळतं काही तासांचं, त्यात मादी शोधायची. त्याच्या मिशा? फांद्यावाल्या. युलोफस नावाचे चिमुकले गांधील आहेत, अळ्यांवर जगणारे, त्यांच्यात नराच्या मिशीला लांब फांद्या, मादीची साधी. मुंग्यांवर जगणारे कपाला नावाचे गांधील, त्यांच्यातही नरालाच फांद्या. झुरळांवर जगणारे काही भुंगेरे, तिथेही नरच. हे सगळे एकमेकांपासून कोट्यवधी वर्षं वेगळे झालेले आहेत, कोणी कोणाचं बघून केलेलं नाही, तरी उत्तर तेच आलं.

माश्यांमधेच दुसऱ्या एका कुळात पण झालंय. फुलांवर जागच्या जागी तरंगणाऱ्या ज्या पट्टेवाल्या माश्या असतात त्यांच्या नात्यात मायक्रोडॉन मंडळी येतात, यांची पोरं मुंग्यांच्या वारुळात वाढतात, कोणी मुंग्यांची पोरं खाऊन तर कोणी थेट परजीवी होऊन. त्यातल्या दक्षिण अमेरिकेतल्या मासारिगस नावाच्या गटात नराच्या मिशीचा तिसरा भाग सरळ दोन भागांत फाटलेला असतो. परत उष्ण प्रदेश, परत ज्याच्यावर जगायचं तो किडा ठरलेला, परत नर. टॅकिनिडच्या आतसुद्धा फांद्या एकदाच आलेल्या नाहीत, लांब लांबच्या गटांत स्वतंत्रपणे आल्यात. उत्क्रांतीत एखादी गोष्ट एकदा झाली तर योगायोग म्हणता येतो, इतक्या वेळा झाल्यावर मी तरी योगायोग म्हणणार नाही.

इतक्या वेळा होऊ शकते म्हणजे व्हायला फार अवघड नसणार, हेही त्यातून कळतं. माशीची मिशी तिच्या बाळपणीच, म्हणजे माशीच्या स्वतःच्या अळीच्या आत, आधीपासून तयार असलेल्या पेशींच्या एका चकतीतून बनते, डोळा आणि मिशी दोन्ही एकाच चकतीतून. मिशी आणि पाय यांची मूळ घडण एकच आहे, कुठे काय व्हायचं ते काही मोजकी जनुकं ठरवतात. ड्रोसोफिलात अँटेनापिडिया नावाच्या जनुकात गडबड झाली की मिशीच्या जागी चक्क पाय उगवतो, डोळ्यांच्या मधून दोन पाय बाहेर आलेली ती माशी जीवशास्त्राच्या पुस्तकांत हमखास असते. मिशीचा पाय होऊ शकतो तिथे मिशीच्या एका भागाची कड जास्त वाढून दुभंगणं हे तर त्या मानाने किरकोळच. दोन झाल्या की चार, चार झाल्या की आठ.

यात वर्गीकरण करणाऱ्यांची मात्र पुरती गोची झाली. चार्ल्स टाउनसेंड नावाचे एक अमेरिकन कीटकतज्ज्ञ होते, १८६३ चा जन्म, आयुष्याचा मोठा भाग पेरू आणि ब्राझीलमधे काढला, टॅकिनिडवर अफाट काम. बोर्गमायरमिया हे नाव त्यांनीच १९३५ मधे दिलं, बोर्गमायर या ब्राझीलमधल्या पाद्री-कीटकतज्ज्ञाच्या नावावरून. टाउनसेंडसाहेबांना नवीन गट पाडायची भारी हौस, जरा वेगळं दिसलं की नवा गट, एका जातीला एक गट असे शेकडो करून ठेवले. मिशी फांद्यावाली म्हटल्यावर तर वेगळा गट हवाच! पण फांद्या जर परत परत स्वतंत्रपणे येत असतील तर फांद्या आहेत म्हणून दोन माश्या सख्ख्या ठरत नाहीत आणि नाहीत म्हणून परक्या ठरत नाहीत. वर नराची मिशी अशी आणि मादीची तशी, म्हणजे एकाच जातीचे नवरा-बायको संग्रहालयात वेगवेगळ्या पेट्यांत पडायची सोय. आता डीएनएमुळे हे हळूहळू निस्तरलं जातंय. (हेच टाउनसेंड हरणांच्या एका माशीचा वेग ताशी ८१८ मैल आहे असं लिहून बसले होते, १९२७ मधे, आणि ते वर्षानुवर्षं पुस्तकांत छापलं गेलं. शेवटी १९३८ मधे लँगम्युअर या नोबेलवाल्या शास्त्रज्ञाने गणित करून दाखवलं की त्या वेगाने माशीचं डोकं हवेच्या दाबानेच चेपेल, आणि खरा वेग २५ मैलांच्या आसपास असेल.)

मग हे वासाचं स्पष्टीकरण पक्कं तपासायचं कसं? पद्धत आहे, आणि जुनी आहे. जिवंत किड्याच्या मिशीच्या टोकाला आणि बुडाला बारीक इलेक्ट्रोड लावायचे, समोरून वासाची झुळूक सोडायची, आणि मिशीतून किती वीज उसळते ते बघायचं. १९५७ मधे डिट्रिश श्नायडर यांनी रेशमाच्या पतंगावर हे पहिल्यांदा केलं. फांद्यावाला नर घ्या, त्याला त्याच्याच जातीच्या मादीचा वास द्या, मग अळीने खाल्लेल्या पानाचा वास द्या, मग हेच मादीच्या मिशीवर करा. नराची मिशी मादीच्या वासाला उसळली आणि पानाला ढिम्म राहिली की विषय संपला. त्याच्या जोडीला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली फांदीवरचे केस मोजायचे आणि त्यांना वासाची छिद्रं आहेत का ते बघायचं, छिद्र नसलेला केस म्हणजे तो स्पर्शाचा, वासाचा नाही.

अडचण पद्धतीची नाहीच, माशीची आहे. यातल्या बऱ्याच जाती मॅलेज ट्रॅपमधून येतात, म्हणजे जंगलात तंबूगत उभी केलेली जाळी, उडता किडा तिला धडकतो, वर चढतो आणि अल्कोहोलच्या बाटलीत पडतो. बाटलीतून हातात येतो तो मेलेला नर, एखादाच, आणि मेलेल्याची मिशी मोजता येते पण तिला काही विचारता येत नाही. जिवंत जोडी पाहिजे असेल तर ती कुठल्या अळीतून येते ते आधी माहीत पाहिजे, ती अळी कुठल्या झाडावर मिळते ते माहीत पाहिजे, मग शेकडो अळ्या आणून पानं घालत वाढवायच्या आणि त्यातल्या एखादीतून फुलपाखराऐवजी माशी निघायची वाट बघायची. निघाली तरी ती मादी असू शकते. म्हणून ग्वानाकास्तेत दशकानुदशकं चाललेलं अळ्या वाढवायचं काम, जे बाहेरून बघणाऱ्याला निव्वळ चिकाटीचं आणि कंटाळवाणं वाटतं, तेच या मिशीच्या प्रश्नाला सगळ्यात उपयोगी पडणारंय. तिथे एखाद्या डब्यात फांद्यावाला नर निघाला तर त्याची अळी कोणती, झाड कोणतं, हे लेबलवर आधीच लिहिलेलं असतं, आणि त्याच अळीच्या पुढच्या खेपेत मादी मिळायची शक्यता असते.